संगीत नाटकाची परवानगी : संहितेची आणि चालीची

बहुतेक मराठी नाटकांच्या छापील प्रतीत शीर्षकपृष्ठाच्या मागे एक लहानशी चौकट आढळते. या नाटकाचे प्रयोग, भाषांतर, ध्वनिक्षेपण, चित्रपटीकरण इत्यादींचे सर्व हक्क अमुक व्यक्तीच्या स्वाधीन आहेत. प्रयोगापूर्वी लेखी परवानगी घेणे आवश्यक आहे. परवानगीमूल्य अमुक पत्त्यावर पाठवावे, अशा आशयाचा मजकूर तीत असतो. साहित्याच्या अभ्यासकाची नजर या चौकटीवर क्वचितच थांबते. नाटकाचा अभ्यास पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापासून सुरू होतो आणि त्याआधीचा मजकूर हा प्रकाशकाच्या व्यवहाराचा भाग आहे, अशी रूढ समजूत आहे. गद्य नाटकापुरती ही समजूत फारशी हानिकारक नाही. संगीत नाटकाच्या बाबतीत मात्र ती तपासून पाहण्याची गरज आहे. कारण या वाङ्मयप्रकाराविषयीचे एक मोठे मौन त्या चौकटीतच दडलेले आहे. तीत नाटककाराचे किंवा त्याच्या वारसांचे नाव असते. ज्याने पदांना चाली दिल्या त्याचे नसते.

हे मौन केवळ सौजन्याचा अभाव म्हणून सोडून देता येणार नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने नाट्यकृती, वाङ्मयकृती आणि संगीतकृती यांना पृथक् कृती मानले आहे. संगीतकृतीचा कर्ता म्हणजे तिचा रचनाकार, असे हा कायदा स्पष्टपणे सांगतो. कृती लोकांसमोर सादर करण्याचा हक्क तिन्ही प्रकारच्या कृतींना स्वतंत्रपणे लाभलेला आहे. याचा सरळ अर्थ असा की, संगीत नाटकाचा प्रयोग म्हणजे एका कृतीचा नव्हे, तर किमान दोन कृतींचा प्रयोग होय. आणि पदे रचणारा कवी नाटककाराहून वेगळा असेल, तर तीन कृतींचा. ‘हे बंध रेशमाचे’ या नाटकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नाटक रणजित देसाई यांचे, गीते शान्ता शेळके यांची आणि संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. देसाई १९९२ मध्ये, अभिषेकी १९९८ मध्ये आणि शान्ताबाई २००२ मध्ये निवर्तल्या. कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो, या नियमाने संहितेचा हक्क २०५२ च्या अखेरीस, चालींचा २०५८ च्या आणि गीतांचा २०६२ च्या अखेरीस संपुष्टात येईल. एकाच पडद्यामागे तीन कालमर्यादा चालू आहेत. अशा नाटकाचा प्रयोग करू इच्छिणाऱ्या संस्थेने परवानगीचे एकच पत्र मिळवून निश्चिंत व्हावे, याला कायद्याचा आधार नाही आणि न्यायबुद्धीचाही नाही.

चाल या चौकटीबाहेर का राहिली, याची कारणे मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पद रचणे आणि चाल योजणे ही एकाच प्रतिभेची कामे होती. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील पदे आणि कानडी रंगभूमीवरील गीते यांच्या परिचित वळणांवर शब्द बसविले जात. पदाच्या शिरोभागी ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या गीताचा निर्देश करण्याची पद्धत याच वास्तवाची साक्ष देते. तो निर्देश म्हणजे एका अर्थी ऋणपत्रच होते. चाल कोणाची, असा प्रश्न तेव्हा उद्भवत नव्हता. ती लोकांची, परंपरेची, ओठांवर असलेली होती.

पुढे परिस्थिती पालटली. १९११ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा नाटककार आणि संगीतरचनाकार या दोन व्यक्ती निश्चितपणे वेगळ्या झाल्या होत्या. रंगभूमीच्या इतिहासकारांनी या बदलाचे सांगीतिक महत्त्व पुष्कळ वर्णिले आहे. ठुमरीचे लडिवाळपण आणि ख्यालाची बंदिश नाटकात कशी आली, याची चर्चाही विपुल झाली आहे. परंतु कर्तृत्वाची वाटणी बदलली असताना हक्काची वाटणी मात्र जुनीच राहिली, याकडे त्या प्रमाणात लक्ष गेले नाही. नाटक मंडळी हे एक बिऱ्हाड होते. नट, गवई, साथीदार आणि चाली देणारे बुवा हे सर्व मंडळीच्या पगारावर किंवा बिदागीवर असत. नाटक मंडळीचे आणि म्हणून चालही मंडळीची, असा व्यवहार रूढ झाला. नोकरीच्या करारान्वये केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो, हे तत्त्व कायद्यातही आहे. त्यामुळे पगारी रचनाकारापुरता हा व्यवहार अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

तथापि मंडळ्या लयाला गेल्या आणि व्यवहाराची ही रीत तेवढी मागे उरली. स्वातंत्र्योत्तर काळातील निर्मितीसंस्थांनी संगीतकाराला नोकरीवर ठेवले नाही. एकेका नाटकापुरते काम सांगून मानधन दिले. अशा कामात हक्काचे हस्तांतर लेखी झाले नसेल, तर तो हक्क रचनाकाराकडेच राहतो. येथे चित्रपट आणि नाटक यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, निर्माता ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. नाटकाच्या निर्मात्याला तसा लाभ देणारी तरतूद कायद्यात नाही. शिवाय हस्तांतरपत्रात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजावी, असेही १९९४ च्या दुरुस्तीने ठरविले. एकदा मानधन दिले म्हणजे चाल कायमची विकत घेतली, ही रंगभूमीवरील समजूत चित्रपटसृष्टीच्या व्यवहारावरून उसनी घेतलेली असावी असे दिसते. नाटकाच्या बाबतीत ती टिकत नाही.

चालीच्या उपेक्षेला खुद्द कायद्याचाही हातभार लागला होता. १९५७ च्या मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली अथवा अन्य प्रकारे आलेखित केलेली स्वररचना. पाश्चात्त्य संगीताच्या लिखित परंपरेतून आलेली ही व्याख्या कंठोकंठी जगणाऱ्या संगीताला लागू पडणे अवघड होते. पेटीवर बसून एखाद्या रचनाकाराने नटीला चाल शिकवावी, ती पुढे गावोगावच्या रसिकांच्या तोंडी व्हावी, आणि कागदावर न उतरल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती जन्मलीच नाही असे ठरावे, ही विसंगती जवळजवळ चार दशके राहिली. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची अट काढून टाकली. १० मे १९९५ पासून ती अमलात आली. कायद्याने आपली चूक सुधारली. चौकटीतील मजकूर मात्र बदलला नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण बंगालमध्ये आहे. रवीन्द्रनाथ ठाकुरांच्या गीतनाट्यांत आणि नृत्यनाट्यांत कवी व रचनाकार एकच. शिवाय त्यांच्या गीतांची स्वरलिपी पद्धतशीरपणे लिहून छापली गेली. परिणामी विश्वभारतीच्या संगीत मंडळाला गीतांच्या ध्वनिमुद्रणावर २००१ च्या अखेरपर्यंत नियंत्रण ठेवता आले. हे नियंत्रण सर्वांनाच मानवले असे नाही. देवव्रत विश्वास यांच्यासारख्या थोर गायकाचे त्या मंडळाशी मतभेद झाले आणि रवीन्द्रसंगीताच्या ध्वनिमुद्रणापासून ते दूर झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. हक्क अतिदक्ष झाला तर कलावंताचा श्वास कोंडतो, हा त्या उदाहरणाचा एक धडा आहे. पण दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. हक्क संपून दोन दशके उलटली, तरी रवीन्द्रनाथांची मूळ चाल कोणती, हे आजही पडताळून पाहता येते. मराठी नाट्यपदांच्या बाबतीत असे किती वेळा म्हणता येईल?

येथे प्रश्नाचा वाङ्मयीन गाभा समोर येतो. परदेशांतील संगीतिकांचा प्रयोग करण्याची अनुज्ञा मागितली असता संहिता, गीते आणि संगीत या तिन्हींची मिळून एकच अनुज्ञा बहुधा एकाच ठिकाणाहून मिळते, आणि तिच्यासोबत स्वरलेखनाची प्रतही हाती येते. अनुज्ञा म्हणजे तेथे केवळ मनाई उठविणे नसते. कृती सुपूर्द करणे असते. मराठी संगीत नाटकाच्या परवानगीपत्रासोबत हाती येते ती फक्त संहिता. पदाच्या माथ्यावर राग आणि ताल यांची नावे असली, तरी तेवढ्यावरून चाल उभी राहत नाही. ‘राग भीमपलास, ताल त्रिवट’ एवढ्या आधारावर दोन रचनाकार दोन संपूर्ण भिन्न चाली बांधतील. मग नव्याने प्रयोग करणारी संस्था काय करते? ती ध्वनिमुद्रिका ऐकते.

ध्वनिमुद्रिकेत ऐकू येतो तो गायक. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधील पदे नव्या पिढीने वसंतराव देशपांडे यांच्या गळ्यातून आत्मसात केली. त्यांत अभिषेकींनी बांधलेली चाल कोठे संपते आणि वसंतरावांची उपज कोठे सुरू होते, हे सांगणे जाणकारालाही सोपे नाही. या दोन्ही प्रतिभांचा संयोग हेच त्या नाटकाचे वैभव आहे, हे खरे. पण नवा गायक जेव्हा वसंतरावांच्या ताना जशाच्या तशा गिरवितो, तेव्हा तो रचनेशी प्रामाणिक राहत नाही. एका गायकाच्या एका दिवसाच्या गाण्याची नक्कल करतो. चालीचा मूळ आराखडा हाती असता, तर त्याला स्वतःची उपज करण्याची मोकळीक मिळाली असती. थोडक्यात, ज्या स्वातंत्र्याच्या नावाने चालीच्या हक्काला विरोध केला जातो, ते स्वातंत्र्यच चालीच्या अनामिकतेमुळे आकुंचित होते.

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, नाट्यपदांच्या अनेक चाली पारंपरिक बंदिशींवर बेतलेल्या आहेत. ज्याने दुसऱ्याच्या चिजेवर पद बसविले त्याने हक्क कोणत्या तोंडाने सांगावा? हा आक्षेप अंशतः बरोबर आहे. निव्वळ उचललेल्या चालीवर हक्क सांगता येत नाही, आणि राग तर कोणाचाच नसतो. परंतु बंदिशीतून पद घडविताना रचनाकार बरेच काही बदलतो : लय, ठेका, शब्दांचे वजन, प्रसंगाला अनुरूप असा भाव. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नाटकावरून चित्रपट बेतल्याच्या आरोपाचा निवाडा करताना कल्पना मुक्त असते व तिची अभिव्यक्ती संरक्षित असते, हा भेद विशद केला. तोच येथेही मार्गदर्शक ठरावा. एका ध्रुपद रचनेवरून दिल्ली उच्च न्यायालयात चाललेल्या वादात एप्रिल २०२५ मध्ये एकसदस्यीय पीठाने रचना गाणाऱ्या घराण्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. रचना गायिली, एवढ्यावरून ती रचली असे सिद्ध होत नाही, हा खंडपीठाच्या विवेचनाचा रोख होता. या प्रकरणाचा बोध मराठी रंगभूमीला थेट लागू पडतो. कर्तृत्वाची नोंद वेळीच झाली नाही, तर पुढे प्रामाणिक दावेदारालाही पुरावा उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. संगीत नाटकाचा प्रयोग आधीच खर्चिक. ऑर्गन, तबला, साथीदार, तालमी आणि गाणारे नट यांची जुळवाजुळव करता करता हौशी संस्था मेटाकुटीस येतात. त्यात दुसरे परवानगीमूल्य कोठून आणावे? हा प्रश्न खराच कळकळीचा आहे. मात्र कायद्याने हौशी मंडळींना दिलेल्या सवलती पुष्कळांना नीट ठाऊक नसतात. एखाद्या शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांचा भाग म्हणून शिक्षक व विद्यार्थी यांनी केलेला प्रयोग, प्रेक्षक केवळ शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी निगडित व्यक्ती असतील तर, हक्कभंग ठरत नाही. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर अथवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेल्या प्रयोगालाही सूट आहे. पण ‘हौशी’ या शब्दातच परवानगी अंतर्भूत आहे, असे मात्र नाही. धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेला प्रयोग वगळता, तिकीट लावले की हौशी मंडळाची सूट संपते. त्याचप्रमाणे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे हक्कधारकाची परवानगी मिळाली, हाही गैरसमजच होय. पहिले शासनाचे काम आहे, दुसरे कर्त्याचे. परवानगीमूल्याचा भार वाढू नये यासाठी उपाय अवघड नाही. मूल्य एकच असावे आणि त्याची नाटककार, कवी व संगीतकार यांच्यात आपापसांत वाटणी व्हावी. प्रयोग करणाऱ्याने तीन दारे ठोठावण्याऐवजी एका दारी जावे आणि तेथे तिघांची नावे असावीत.

तिसरा आक्षेप काळाचा. जुनी संगीत नाटके हक्कमुक्त झाली आहेत. मग ही चर्चा कशासाठी? किर्लोस्कर, देवल आणि गडकरी यांची नाटके केव्हाच मुक्त झाली. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांचे लेखन २००९ च्या आरंभापासून मुक्त आहे. टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरील निर्बंधही २०१५ नंतर उरलेले नाहीत. २०२५ मध्ये ‘मानापमान’वर आधारलेला चित्रपट नव्या संगीतासह आला, तो या मोकळिकीतच. पण मो. ग. रांगणेकर यांच्या ‘कुलवधू’पासून (१९४२) पुढचा सारा कालखंड अद्याप हक्काच्या कक्षेत आहे. त्या नाटकाला संगीत देणारे मास्तर कृष्णराव १९७४ मध्ये निवर्तले. चालींचा हक्क २०३४ पर्यंतचा. विद्याधर गोखले यांची नाटके २०५६ पर्यंत हक्काधीन राहतील. म्हणजे संगीत रंगभूमीच्या पुनरुज्जीवनाचे ज्याला श्रेय दिले जाते, तो संपूर्ण अध्याय या प्रश्नाच्या कक्षेत येतो. शिवाय हक्क संपला म्हणजे नामनिर्देशाचे कर्तव्य संपले असे नव्हे. कर्त्याचे कर्तेपण मान्य होणे हा त्याचा नैतिक अधिकार आहे आणि कायद्याने तो आर्थिक हक्काहून वेगळा मानला आहे. रात्रभराचे नाटक अडीच तासांत बसविताना निम्मी पदे गाळणारा संपादक आपले नाव जाहिरातीत छापतो. चाली देणाऱ्याचे नाव मात्र वगळतो. हे औचित्याला धरून नाही.

या संदर्भात विद्यापीठीय मराठी विभागांवर काही जबाबदारी येते. संगीत नाटक पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकविले जाते, त्यावर प्रबंध लिहिले जातात. परंतु पदांचा विचार बहुधा काव्य म्हणूनच होतो आणि चाल ही संगीत विभागाची बाब समजली जाते. या विभागणीत संगीत नाटक हा प्रकारच निसटून जातो. एखाद्या नाटकाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पाठभेद नोंदविले जातात. त्याच आस्थेने प्रत्येक पदाची चाल कोणाची, ती कोणत्या बंदिशीवर बेतली, तिचे स्वरलेखन कोठे उपलब्ध आहे आणि हक्क आज कोणाकडे आहे, याची नोंद का होऊ नये? मराठी आणि संगीत या दोन विभागांनी मिळून एकेका नाटकाचे स्वरलेखन सिद्ध केले, तर ते परवानगीपत्रासोबत देता येईल. ज्यांनी या चाली थेट रचनाकारांकडून शिकून घेतल्या, असे गायक-नट आणि ऑर्गनवादक आज वयोवृद्ध आहेत. हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येण्याजोगे नाही, कारण पुढच्या पिढीपाशी विचारण्यासाठी कोणी उरलेले नसेल.

हक्काचा प्रश्न पैशापुरता मानला, तर तो वारसांच्या आणि वकिलांच्या हाती सोडून देता येतो. संगीत नाटकात तो तेवढ्यापुरता नाही. परवानगी मागणे म्हणजे ही कृती कोणी घडविली, असे विचारणे होय. त्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देणारी चौकट मराठी नाटकाच्या पुस्तकांत शतकभर छापली जात आहे. ती पुरी करण्यासाठी कायद्यात नवी दुरुस्ती नको. नाटककारांनी, त्यांच्या वारसांनी आणि प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढवावी, आणि अभ्यासकांनी ती ओळ खरी असल्याची खात्री करून द्यावी, एवढेच पुरे आहे.